‘व्हिगरसली’ आणि मराठीतील जोम : एका क्रियाविशेषणाच्या भाषांतराची चिकित्सा

१

भाषांतराच्या व्यवहारात अवघड शब्द फारसे नडत नाहीत. त्यांच्यापाशी भाषांतरकार थबकतो, कोश उघडतो, जाणकाराला विचारतो. नडतात ते सोपे वाटणारे शब्द. इंग्रजीतील ‘व्हिगरसली’ हे क्रियाविशेषण अशा शब्दांपैकी एक होय. ‘जोमाने’, ‘जोराने’, ‘उत्साहाने’, ‘नेटाने’ असे चार-पाच प्रतिशब्द कोणत्याही इंग्रजी-मराठी कोशात सापडतात, त्यांतला एक उचलून वाक्यात बसविला की काम झाले असे वाटते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते. पण मराठी कानाला ते कोठेतरी खटकते आणि पुष्कळदा त्याचा अर्थही मूळ वाक्याहून निराळा होतो.

परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. परभणी येथे १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. शेतीचे संशोधन प्रायः इंग्रजीतून लिहिले जाते आणि त्यातून निघणारा सल्ला मराठीतून शेतकऱ्यापर्यंत जातो. या वाटेवर ‘व्हिगरस’ आणि ‘व्हिगरसली’ ही जोडी वारंवार भेटते. बियाण्याच्या परीक्षणात ती आहे, पिकाच्या वाढीच्या वर्णनात ती आहे, हवामानखात्याच्या परिभाषेत ती आहे, औषधाच्या बाटलीवरील सूचनेतही ती आहे. इंग्रजीत शब्द एक. परंतु जिंतूर किंवा पाथरीच्या शेतकऱ्याच्या मराठीत या चार ठिकाणी चार निरनिराळ्या गोष्टी घडत असतात. त्या कोणत्या, त्यांच्यासाठी मराठीची स्वतःची व्यवस्था काय आहे, आणि ती व्यवस्था डावलल्याने काय बिघडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘व्हिगर’ हे नाम लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ ‘टवटवीत असणे, भरभराटीस येणे’ असा आहे. ज्या मूळ इंडो-यूरोपीय धातूपासून हा लॅटिन धातू निघाला, त्याच धातूशी इंग्रजीतील जागे होण्याचा वाचक शब्द आणि संस्कृतातील ‘वाज’ हा बलवाचक शब्द यांचे नाते तुलनात्मक भाषाशास्त्रज्ञ जोडतात. म्हणजे या शब्दाच्या बीजार्थात आघात नाही, धसमुसळेपणा नाही. आहे ती सजीवाच्या अंगातून उमटणारी टवटवी.

पुढे इंग्रजीत या शब्दाचा संचार वाढला. झाड ‘व्हिगरसली’ वाढते, माणूस मान ‘व्हिगरसली’ हलवितो, पाणी ‘व्हिगरसली’ उकळते, वकील आरोप ‘व्हिगरसली’ नाकारतो, पक्ष विधेयकाला ‘व्हिगरसली’ विरोध करतो आणि शासन कायदा ‘व्हिगरसली’ अमलात आणते. क्रियापदे बदलतात, कर्ते बदलतात. क्रियाविशेषण मात्र तेच राहते. इंग्रजीच्या या प्रत्ययान्त क्रियाविशेषणाचे वैशिष्ट्य हेच की ते क्रियेच्या बाहेर उभे राहून तिचे मोजमाप करते. क्रिया कोणतीही असो, तिच्यात शक्ती पुष्कळ ओतली आहे एवढेच ते सांगते. ती शक्ती कोठून आली, कशावर चालली, कोणत्या भावनेने चालली, याविषयी ते मौन पाळते. ते सारे क्रियापदावर आणि संदर्भावर सोपविलेले असते.

मराठीची रीत याच्या उलट आहे. शक्तीचे प्रमाण किती, याहून शक्तीचा उगम कोठे, हे सांगण्याकडे मराठीतील रीतिवाचक शब्दांचा ओढा अधिक आहे. हा मुद्दा नुसता विधानरूपाने मांडून भागणार नाही. त्याची परीक्षा प्रत्यक्ष प्रयोगांवर केली पाहिजे.

३

‘जोर’, ‘जोम’, ‘नेट’, ‘आवेश’ आणि ‘हिरीरी’ ही पाच नामे घेऊ. ‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय लागून या सर्वांची क्रियाविशेषणासारखी रूपे होतात आणि कोशांत ती एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी बसलेली दिसतात. परंतु ही नामे कोणत्या क्रियापदांशी संसार करतात हे पाहिले की त्यांचे स्वभाव वेगळे होतात.

‘जोर’ येतो, धरला जातो, लावला जातो आणि ओसरतो. पावसाला जोर येतो, पाऊस जोर धरतो, गाडी ढकलताना माणूस जोर लावतो, पुराचा जोर ओसरतो. ‘जोम’ येतो, धरला जातो, ओसरतो; पण लावला जात नाही. ‘पिकाने जोम धरला’ असे म्हणतात. ‘मजुराने जोम लावला’ असे कोणी म्हणत नाही. ‘नेट’ याच्या बरोबर उलट आहे. नेट लावला जातो, पण पिकाला नेट येत नाही. ‘आवेश’ येतो, चढतो. लावता येत नाही. या साध्या परीक्षेतून असे निष्पन्न होते की ‘जोम’ ही आतून वर येणारी शक्ती आहे, ‘नेट’ ही कर्त्याने अडथळ्याविरुद्ध जाणूनबुजून लावलेली शक्ती आहे, आणि ‘जोर’ या दोहोंनाही सामावून घेणारा, म्हणूनच सर्वांत सैल अर्थाचा शब्द आहे. ‘आवेश’ हा शब्द तर व्युत्पत्तीनेच ‘आत शिरणे’ हा अर्थ वाहतो. बाहेरून आत शिरलेल्या भावनेने माणूस चालविला जातो, ही कल्पना त्यात अद्याप जिवंत आहे. ‘हिरीरी’ला प्रतिपक्ष लागतो. हिरिरीने बाजू मांडली जाते, हिरिरीने वाद घातला जातो, स्पर्धेत हिरिरीने भाग घेतला जातो; एकट्याने शेतात निंदणी करणारी बाई ती हिरिरीने करीत नाही, नेटाने करते.

दुसरी परीक्षा विभक्तीची. ‘पीक जोमात आहे’, ‘धंदा जोरात आहे’, ‘वक्ता आवेशात आहे’ असे सप्तमीचे प्रयोग होतात. ‘नेट’ आणि ‘हिरीरी’ यांचे असे प्रयोग सहसा होत नाहीत. ‘मजूर नेटात आहे’ हे वाक्य मराठी नव्हे. सप्तमीने स्थिती सांगितली जाते आणि तृतीयेने साधन. जोम, जोर व आवेश या ज्यांत एखादी वस्तू वा व्यक्ती असू शकते अशा अवस्था आहेत. नेट आणि हिरीरी ही कर्त्याने वापरावयाची साधने आहेत. ‘जोराने’ व ‘जोरात’ यांतील फरकही याच दिशेने समजतो. ‘दार जोराने ढकलले’ यात बळ हे साधन आहे. ‘जोरात बोल’ यात आवाजाची पट्टी आहे, ‘जोरात पळ’ यात वेग आहे. मराठवाड्यातील बोलीत ‘पाऊस जोरात पडायलाय’ असे म्हणतात, तेव्हा पावसाने कशाला तरी ढकलले असे सांगावयाचे नसते; पाऊस त्या अवस्थेत आहे एवढेच सांगावयाचे असते.

‘जोम’ या शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द उर्दूत गर्व, घमेंड, फाजील आत्मविश्वास या अर्थाने वावरतो. हिंदीत उमंग आणि अहंकार असे दोन्ही अर्थ त्याला आहेत. मराठीत मात्र त्यातील गर्वाचा अंश गळून पडला आणि वाढीची टवटवी तेवढी उरली. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. तेव्हा एकाच गावात दरबारी उर्दूतील घमेंडीचा ‘जोम’ आणि रानातील ज्वारीचा ‘जोम’ असे दोन्ही शब्द कानावर पडणे शक्य होते. मराठी शेतकऱ्याने त्यांतील दुसरा आपलासा केला. अलीकडे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत व समाजमाध्यमांत ‘अमुक जोमात, तमुक कोमात’ असे यमक रूढ झाले आहे. अभिरुचीच्या दृष्टीने त्याविषयी काहीही म्हणता येईल; पण ‘तण जोमात, पीक कोमात’ असे लिहिणाऱ्याला ‘जोम’ म्हणजे वाढणाऱ्या जिवाची अवस्था हे अचूक कळलेले असते, हे मान्य करावयास हवे.

यावरून एक मौजेची गोष्ट दिसते. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला शब्द आणि अरबीतून मराठीत आलेला शब्द हे दोन्ही, एकमेकांशी कसलेही नाते नसताना, वनस्पतीच्या वाढीपाशी येऊन भेटले. ‘रोप जोमाने वाढते’ हे भाषांतर म्हणूनच निर्दोष आहे. परंतु या एका ठिकाणच्या जुळणीवरून ‘जोमाने’ हाच ‘व्हिगरसली’चा सर्वत्र चालणारा प्रतिशब्द मानणे हा तर्कदोष आहे. इंग्रजी शब्द त्या भेटीनंतर पुष्कळ दूर गेला. मराठी शब्द बव्हंशी शेताच्या आसपासच राहिला. ‘नव्या जोमाने कामाला लागणे’ असा माणसाविषयीचा प्रयोग रूढ आहे, पण त्यातही पालवी फुटावी तशी नवी उभारी येणे हीच कल्पना आहे.

४

आतापर्यंत नामांपासून बनलेल्या रूपांचा विचार झाला. मराठीची खरी श्रीमंती मात्र त्यांच्या पलीकडे आहे. प्रचलित शालेय व्याकरणांत रीतिवाचक क्रियाविशेषणांचे प्रकारदर्शक, अनुकरणदर्शक व निश्चयदर्शक असे पोटभेद सांगितलेले असतात. त्यांतील अनुकरणदर्शकाची बोळवण पाच-सहा उदाहरणे देऊन केली जाते. वस्तुतः शारीरिक क्रियेतील जोर सांगण्याचे मराठीचे मुख्य साधन तेच होय.

पाणी जोमाने उकळत नाही. ते खळखळा उकळते. डाळ रटरटा शिजते. झाड गदागदा हलविले जाते, भांडे खसाखसा घासले जाते. यांतील प्रत्येक शब्द आपल्या क्रियापदाशी बांधलेला आहे आणि त्या क्रियेचा नाद व हालचाल यांतूनच तिचा जोर ऐकू येतो. ‘गदागदा’ म्हटले की हलणाऱ्या वस्तूचे वजन आणि हेलकावा कळतो. ‘खसाखसा’मध्ये दोन पृष्ठभागांचे घर्षण आहे. इंग्रजी क्रियाविशेषण जे बाहेरून मोजते, ते मराठी आतून ऐकविते.

दुसरे साधन ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधितांचे. ‘कडाडून विरोध’, ‘ठासून सांगणे’, ‘कसून चौकशी’, ‘सपाटून मार’, ‘करकचून बांधणे’, ‘खच्चून भरणे’ या प्रयोगांतील पहिली रूपे मुळात पूर्वकालवाचक क्रिया होत. रूढीने त्यांची क्रियाविशेषणे झाली. त्यांची अदलाबदल होत नाही. विरोध कसून होत नाही आणि चौकशी कडाडून होत नाही. ‘कडाडून’मध्ये विजेचा आवाज आहे आणि ‘कसून’मध्ये दोरी ताणल्याचा घट्टपणा आहे; विरोध आवाज करतो आणि चौकशी आवळत जाते, एवढा विवेक भाषेने आधीच करून ठेवलेला आहे.

तिसरे साधन म्हणजे क्रियापदच बदलणे. ‘चोळणे’, ‘घासणे’ आणि ‘रगडणे’ यांत स्पर्शाची एकच क्रिया चढत्या जोराने येते. ‘विसळणे’ आणि ‘खंगाळणे’ किंवा ‘ढवळणे’ आणि ‘घुसळणे’ यांतही हाच क्रम आहे. जेथे इंग्रजीला साधे क्रियापद आणि त्यावर जोरवाचक क्रियाविशेषण लागते, तेथे मराठीला पुष्कळदा एकच धातू पुरतो. ‘जोमाने ढवळा’ हे वाक्य सदोष आहे ते यामुळेच. ढवळणे ही कर्त्याने वस्तूवर करावयाची क्रिया आहे; तिच्यात आतून उगवणारी शक्ती नाही. नमुन्यादाखल औषधाच्या बाटलीवरील सूचना घेतली तर ‘वापरण्यापूर्वी जोमाने हलवा’ यापेक्षा ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवून घ्यावी’ हे वाक्य अधिक मराठी तर आहेच, पण अधिक अचूकही आहे. कारण येथे जोर हा हेतू नसून तळाशी बसलेला साका पूर्णपणे मिसळणे हा हेतू आहे, आणि ‘चांगले’ हा साधा शब्द तो हेतू सांगतो. सर्वांत योग्य प्रतिशब्द कित्येकदा जोरवाचक नसतोच, हे भाषांतरकाराने विसरू नये.

५

आता जेथे शब्दाच्या निवडीचा परिणाम शेतकऱ्याच्या हंगामावर होतो अशा उदाहरणाकडे वळू. बियाण्याच्या शास्त्रात दोन कल्पना वेगळ्या मानल्या जातात. प्रयोगशाळेत, अनुकूल उष्णतेत व ओलाव्यात, शंभरांतून किती दाणे नीट अंकुरतात हे पाहणे ही पहिली कल्पना; तिला मराठीत ‘उगवणशक्ती’ किंवा ‘उगवणक्षमता’ म्हणतात. शेतातल्या कमी-अधिक ओलीत, वर माती घट्ट बसलेली असताना, ते बियाणे किती वेगाने, किती सारखेपणाने आणि किती सशक्त रोप घेऊन वर येते ही दुसरी कल्पना. तिला इंग्रजीत ‘सीड व्हिगर’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटनेने १९७७ साली या दुसऱ्या कल्पनेची स्वतंत्र व्याख्या स्वीकारली, ती अशा हेतूने की पहिलीशी तिची गल्लत होऊ नये. एकच उगवणक्षमता असलेल्या दोन पोत्यांतील एक शेतात भरभरून उगवते आणि दुसरे उगवत नाही असे घडू शकते. कारण साठवणीत वा हाताळणीत बियाण्याचा जोम आधी जातो आणि उगवणशक्ती मागाहून जाते.

भारताच्या १९६६ च्या बियाणे अधिनियमाखाली उगवणक्षमता व शुद्धता यांच्या किमान मर्यादा ठरविल्या जातात. सोयाबीनसाठी ही किमान उगवण ७० टक्के आहे. जोमासाठी अशी मर्यादा नाही. म्हणजे पोत्यावरील पट्टी शेतकऱ्याला पहिली गोष्ट सांगते, दुसरी सांगत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ असते. मळणीयंत्रातील फटका, पोत्यांची आदळआपट यांनीही त्याची हानी होते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. न उगवण्याची कारणे अनेक असतात. पेरणीची खोली, अपुरी ओल, सदोष बियाणे यांपैकी कोणते कोठे लागू होते हा कृषिशास्त्राचा प्रश्न आहे. भाषेचा प्रश्न एवढाच की या दोन कल्पनांना मराठीत एकच नाव मिळाले, तर शेतकऱ्याला आपली तक्रारही नेमकी मांडता येत नाही. ‘उगवणशक्ती ७० टक्के आहे’ या उत्तरावर ‘पण जोम किती आहे?’ असा प्रश्न विचारावयास आधी शब्द हवा.

येथे ‘जोम’ हाच शब्द योग्य आहे आणि तो परिभाषा म्हणून निश्चित करावयास हवा. ‘बीजजोम’ किंवा ‘बियाण्याचा जोम’ असे म्हटल्यास शेतकऱ्याला तो शिकवावा लागणार नाही. ‘पीक जोमात आहे’ हे तो रोज म्हणतो. ‘बीज ओज’, ‘बीज सशक्तता’ यांसारखे कृत्रिम पर्याय येथे अनावश्यक आहेत. संकरित वाणांच्या बाबतीत ‘संकरजोम’ हा शब्द याआधीच रुळला आहे. १९६४ साली ‘सी. एस. एच. १’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतात प्रसारित झाला आणि पुढे मराठवाड्यात ‘हायब्रीड’ या शब्दाचा अर्थच संकरित ज्वारी असा झाला. संस्कृत ‘संकर’ आणि अरबी ‘जोम’ यांच्या संयोगाने बनलेला ‘संकरजोम’ हा शब्द स्वतःही एक संकरच आहे, आणि त्याने चांगला जोम धरलेला दिसतो.

मात्र याच बियाण्याच्या संदर्भात उलटा दोषही संभवतो. बीजप्रक्रिया करताना बुरशीनाशक किंवा जिवाणूसंवर्धन बियाण्यात मिसळावयाचे असते. इंग्रजी सूचनेत मिश्रण ‘व्हिगरसली’ हलविण्यास सांगितलेले असेल, तर ते बहुधा पाण्यात कालविलेल्या भुकटीविषयी असते. त्याचे ‘जोराने चोळावे’ असे भाषांतर होऊन ते बियाण्याला लागू पडले, तर सोयाबीनच्या पातळ कवचाला इजा होईल. म्हणूनच जाणते कृषितज्ज्ञ मराठीत ‘हलक्या हाताने चोळावे व सावलीत वाळवावे’ असे लिहितात. ‘हलक्या हाताने’ या दोन शब्दांत जे शास्त्र आहे ते एका चुकीच्या ‘जोराने’मुळे वाया जाऊ शकते.

६

तिसरे क्षेत्र पावसाचे. भारतीय हवामानखात्याच्या परिभाषेत मॉन्सूनच्या अवस्था क्षीण, सामान्य, सक्रिय आणि ‘व्हिगरस’ अशा चढत्या क्रमाने मोजल्या जातात. या शब्दांना तेथे निश्चित माप आहे. भूभागावरील पाऊस नेहमीच्या सरासरीच्या दीड ते चार पट असेल तर मॉन्सून सक्रिय. चार पटींहून अधिक असेल तर ‘व्हिगरस’. त्याचबरोबर पाऊस उपविभागात पुरेसा सर्वदूर झालेला असावा लागतो, आणि ‘व्हिगरस’ अवस्थेसाठी किमान दोन केंद्रांवर पश्चिम किनाऱ्यालगत ८ सेंटिमीटर, अन्यत्र ५ सेंटिमीटर पाऊस व्हावा लागतो. मराठवाडा हा हवामानखात्याचा एक स्वतंत्र उपविभाग असल्याने परभणीला यांतील दुसरे माप लागू पडते.

सामान्य इंग्रजीत सैल असलेला शब्द येथे काटेकोर झाला आहे. परंतु मराठी बातमीत ‘मॉन्सून सक्रिय’ आणि ‘जोरदार पाऊस’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. दीडपट आणि पाचपट पाऊस वाचकाला सारखाच दिसतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठच्या गावांना या दोहोंतील अंतर उमगणे आवश्यक आहे. येथे ‘जोम’ चालणार नाही, कारण पाऊस उगवत नाही. ‘नेट’ही चालणार नाही, कारण पावसाला हेतू नाही. ‘जोर’ हाच शब्द मराठीने पावसासाठी राखलेला आहे: पाऊस जोर धरतो, त्याचा जोर वाढतो, ओसरतो. तेव्हा ‘सक्रिय मॉन्सून’ आणि ‘जोरदार मॉन्सून’ ही दोन पदे हवामानखात्याच्या मापांना बांधून वापरावीत आणि ‘दमदार पाऊस’ हा शेतकऱ्याच्या समाधानाचा शब्द परिभाषेपासून दूर ठेवावा, हे इष्ट. दमदार पाऊस म्हणजे जमिनीत मुरणारा, पेरणीला पुरणारा पाऊस. तो हवामानखात्याच्या अर्थाने ‘व्हिगरस’ असेलच असे नाही, आणि तसा असला तर तो पेरणीला घातकही ठरू शकतो.

७

या सर्व विवेचनातून कोशांच्या रचनेविषयी एक आक्षेप उभा राहतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, म्हणजे १८३१ च्या व विशेषतः १८५७ च्या सुधारित आवृत्तीत, नामापुढे ते कोणत्या क्रियापदांशी वापरले जाते हे जागोजाग नोंदविलेले असते. शब्द संस्कृत, फारसी की अरबी हेही तेथे अक्षरखुणेने दिलेले असते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांत असतो हे त्या कोशकाराने ओळखले होते. उलट दिशेच्या, म्हणजे इंग्रजी-मराठी अशा हाताशी असणाऱ्या लहान कोशांत ही सोबत सामान्यतः दिली जात नाही. इंग्रजी शब्दापुढे स्वल्पविरामांनी तोडलेली मराठी रूपांची रांग येते. ज्याला मराठी येते त्याला त्या रांगेतून निवड करता येते, पण त्याला कोशाची गरज कमी असते. ज्याला गरज असते त्याच्या हाती मात्र निवडीचे साधन दिलेले नसते.

दुसरा आक्षेप लेखनरूढीवर आहे. इंग्रजीतील प्रत्ययान्त क्रियाविशेषण दिसले की विशेषणाला ‘पणे’ जोडावयाचे, अशी एक यांत्रिक सवय प्रशासकीय व विद्यापीठीय मराठीला जडली आहे. ‘ठामपणे’, ‘स्पष्टपणे’, ‘मोकळेपणाने’ ही रूपे निर्दोष आहेत, कारण ठाम, स्पष्ट, मोकळा असणे हा कर्त्याचा किंवा क्रियेचा गुण होऊ शकतो. पण ‘जोरदारपणे’, ‘ऊर्जापूर्णपणे’, ‘गतिमानपणे’ या रूपांत कोणताही गुण सांगितला जात नाही; इंग्रजी प्रत्ययाची जागा तेवढी भरली जाते. ‘योजना जोरदारपणे राबविण्यात यावी’ या वाक्यात योजना कोणी, कोणत्या अडचणीविरुद्ध, किती काळ चालवावयाची हे काहीच नाही. ‘नेटाने चालवावी’ म्हटल्याबरोबर अडचण आहे, चिकाटी हवी आहे आणि काम मध्येच सोडावयाचे नाही, हे तिन्ही कळते. सपाट शब्द वापरल्याने लेखकावर जबाबदारी कमी येते, हे या सवयीच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

याला एक उत्तर दिले जाऊ शकते आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. शास्त्रीय लेखनाला एकवाक्यता लागते. एका इंग्रजी शब्दाला पाच मराठी शब्द वापरले तर वाचक गोंधळेल, असे परिभाषेचे पुरस्कर्ते म्हणतील. हे म्हणणे संज्ञांपुरते खरे आहे. बीजजोम, संकरजोम, जोरदार मॉन्सून या संज्ञा होत. त्या एकदा ठरल्या की सर्वत्र तशाच वापरल्या पाहिजेत. परंतु क्रियाविशेषण ही सहसा संज्ञा नसते. पाणी कसे उकळावे, बाटली कशी हलवावी, अळी आढळल्यास शेताची पाहणी कशी करावी, ही सूचना आहे. आणि सूचनेची कसोटी ती वाचून हाताला योग्य तेच करावेसे वाटते की नाही, ही आहे. तेथे एकवाक्यतेचा हट्ट धरल्यास संज्ञेचा नियम सूचनेवर लादल्यासारखे होते.

भाषांतरकाराला यातून एक उपयुक्त क्रम हाती येतो. ‘व्हिगरसली’ समोर आल्यावर प्रथम हा शब्द त्या शास्त्रात मापाने बांधलेला आहे काय, हे पाहावे. असल्यास ठरलेली संज्ञा वापरावी. नसल्यास शक्तीचा उगम पाहावा. ती वाढणाऱ्या जिवाच्या आतून येत असेल तर ‘जोम’, निसर्गाच्या किंवा बाहेरच्या बळाची असेल तर ‘जोर’, अडथळ्याविरुद्ध चिकाटीने लावलेली असेल तर ‘नेट’, प्रतिपक्षापुढे असेल तर ‘हिरीरी’, भावनेने चालविलेली असेल तर ‘आवेश’. क्रिया शारीरिक असेल तर या साऱ्यांना बाजूस ठेवून त्या क्रियेचा स्वतःचा नादशब्द किंवा अधिक जोराचा धातू शोधावा. आणि मूळ सूचनेचा हेतू जोर हा नसून पूर्णता हा असेल, तर ‘चांगले’, ‘नीट’, ‘पूर्ण’ या साध्या शब्दांची लाज धरू नये.

इंग्रजी-मराठी कोशाच्या पुढील संपादकांनी क्रियाविशेषणापुढे मराठी रूपांची रांग न देता क्रियापदासह प्रयोग द्यावेत, आणि ते प्रयोग केवळ ग्रंथांतून न घेता शेत, स्वयंपाकघर व बाजार यांतूनही गोळा करावेत. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड या परिसरातील शेतीविषयक बोलीचे क्रियापदनिहाय संकलन हा पदव्युत्तर प्रबंधासाठी योग्य विषय होय. असे संकलन झाल्यास कृषिविषयक मराठीला तिचे शब्द घरातच मिळतील, आणि बियाण्याच्या पोत्यावर कोणती माहिती नाही, हे विचारण्यासाठी शेतकऱ्याला दुसऱ्याच्या भाषेचा आधार घ्यावा लागणार नाही.